वादळाचा आकडा आणि पत्र्याचा नट

वाचक विचारतात

वळवाचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. या खेपेला सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत टॉर्नेडोचा विषय पुन्हा पुन्हा आहे. बहुतेकांनी अमेरिकेतले व्हिडिओ मोबाइलवर पाहिलेत आणि मग मान वर करून आपल्या घराच्या पत्र्याकडे पाहिलंय. एकसारख्या पत्रांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न: २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात झालेल्या टॉर्नेडोला ऑक्टोबरमध्ये ‘ईएफ-५’ दर्जा मिळाल्याचं वाचलं. वादळ होऊन साडेतीन महिने उलटल्यावर वाऱ्याचा वेग कसा काय कळतो? (जुळे सोलापूर)

उत्तर: हा आकडा मुळात नुकसानीचा आहे. वेग त्यावरून मागाहून काढतात. टॉर्नेडोच्या वाटेत वेगमापक असणं विरळा, आणि असलाच तरी तो शाबूत राहत नाही. म्हणून शिकागो विद्यापीठातल्या तेत्सुया फुजिता या जपानी शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये उलट्या बाजूने सुरुवात केली: काय मोडलं ते पाहायचं आणि ते मोडायला किती वारा लागला असेल ते ठरवायचं. १ फेब्रुवारी २००७ पासून अमेरिकेत त्याची सुधारित श्रेणी वापरतात, तीच ही ईएफ, म्हणजे ‘एन्हान्स्ड फुजिता’.

ईएफ-० म्हणजे ताशी १०५ ते १३७ किलोमीटर: कौलं निघतात, फांद्या मोडतात. ईएफ-१ म्हणजे १३८ ते १७७, यात छपराचं आच्छादन मोठ्या प्रमाणावर सोलून निघतं. १७८ ते २१७ हा ईएफ-२. इथे चांगल्या बांधलेल्या घराचंही छप्पर उचललं जातं. ईएफ-३, म्हणजे २१८ ते २६६, यात बाहेरच्या भिंती पडतात, पण आतली न्हाणीघरासारखी लहान खोली बहुधा उभी राहते. ईएफ-४ मध्ये (२६७ ते ३२२) तीही राहत नाही. ३२२ च्या वर ईएफ-५, तिथे घर जोत्यावरून झाडून नेल्यासारखं जातं. हे सगळे वेग तीन सेकंदांच्या झोताचे आहेत, तासभराच्या सरासरीचे नव्हेत.

पाहणी करणारे अभियंते डोळ्यांनी बघून ‘फार नुकसान झालं’ असं लिहीत नाहीत. त्यांच्याकडे २८ प्रकारच्या वस्तूंची यादी असते: राहतं घर, शाळा, गोदाम, विजेचा खांब, टॉवर, कठीण लाकडाचं झाड, मऊ लाकडाचं झाड वगैरे. प्रत्येक वस्तूच्या मोडतोडीच्या पायऱ्या ठरलेल्या, आणि प्रत्येक पायरीला तीन वेग: कमीत कमी, अपेक्षित आणि जास्तीत जास्त. एक-दोन कुटुंबांच्या घराला दहा पायऱ्या आहेत. दहावी पायरी म्हणजे घर साफ, फक्त जोतं शिल्लक. तिचा अपेक्षित वेग ३२२, खालचा २६६ आणि वरचा ३५४. म्हणजे मोकळं जोतं दिसलं तरी तो टॉर्नेडो ईएफ-३ असू शकतो आणि ईएफ-५ सुद्धा.

मग ठरवायचं कसं? अभियंता जोत्याच्या कडेला गुडघ्यावर बसतो आणि बोल्ट शोधतो. तिकडची घरं लाकडी सांगाड्याची. सांगाड्याची सर्वांत खालची पट्टी काँक्रीटला नट-वॉशरसह बोल्टने आवळलेली होती की नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली, यावर उत्तर अवलंबून असतं. नुसते खिळे असतील, तर ते घर कमी वाऱ्यातही सरकून गेलं असतं, म्हणून वेग खालचा धरतात. बोल्ट वाकलेले, वॉशर जागेवर आणि पट्टी चिरून निघालेली दिसली तर वेग वर सरकतो. भिंतीची पट्टी नीट बांधलेली आणि भिंत मात्र पट्टीला कच्ची जोडलेली, असंही सापडतं. साखळीची सर्वांत कच्ची कडी कुठली होती, याचा हा तपास आहे.

नॉर्थ डकोटात एंडरलिन गावाजवळ हा तपास घरांपाशी थांबला नाही. रेल्वेच्या वॅगन उलटल्या होत्या आणि एक रिकामी टँकर वॅगन रुळांपासून बरीच लांब जाऊन पडली होती. वॅगनचं वजन, आकार आणि ती जिथे पडली ते अंतर यांचं गणित मांडून ताशी ३३८ किलोमीटरहून जास्त वेग निघाला. वॅगन ही वस्तू त्या २८ च्या यादीत नाही, म्हणून उशीर. २० मे २०१३ च्या ओक्लाहोमातल्या मूर शहराच्या टॉर्नेडोनंतरचा हा पहिला ईएफ-५.

आणखी एक: आकडा वाटेतल्या सर्वांत वाईट ठिकाणाचा असतो. ईएफ-४ च्या वाटेवरची बहुतेक घरं ईएफ-० किंवा ईएफ-१ चाच मार खातात.

प्रश्न: पण आता रडारवर थेट वेग दिसतो ना? मग मोडलेली घरं मोजत बसायचं कशाला? (सोलापूर, होटगी रोड)

उत्तर: रडारला जमिनीपासून काही उंचीवरचा वारा दिसतो, घराला लागतो तो खालचा. शिवाय फिरतं रडार योग्य जागी पोचलेलं असेल तरच ते मोजमाप मिळतं. एका टॉर्नेडोला रडारवरून आणि दुसऱ्याला मोडतोडीवरून आकडा दिला, तर पन्नास वर्षांची नोंद एकमेकांशी जुळायची नाही.

याची किंमतही मोजावी लागते. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ जो टॉर्नेडो झाला त्याची रुंदी ४.२ किलोमीटर होती, आजवर नोंदलेली सर्वांत मोठी. फिरत्या रडारवर ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वरचे वारे दिसले. पण तो बहुतांश मोकळ्या रानातून गेला; मोडायला काही नव्हतं. आधी दिलेला ईएफ-५ मागे घेऊन त्याला ईएफ-३ ठरवलं. त्याच टॉर्नेडोत वादळांचा पाठलाग करून मोजमाप घेणारे अनुभवी लोकही गाडीसकट सापडून मरण पावले. तेव्हा लहान आकडा म्हणजे लहान वादळ, हा हिशेब धरू नका. काहीच मोडलं नसेल तर ‘ईएफ-अज्ञात’ अशीही नोंद होते.

प्रश्न: एप्रिल-मेमध्ये आमच्या रानात भरदुपारी वावटळ उठते. पाचट, कडबा वर घेऊन जाते. हाच लहान टॉर्नेडो का? (मोहोळ)

उत्तर: नाही. वावटळ जमिनीतून उठते: तापलेल्या नांगरटीवरची हवा वर धावते आणि फिरायला लागते. वर ढग असायची गरज नाही, बहुधा आभाळ निरभ्रच असतं. टॉर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून खाली येतो आणि ढगापासून जमिनीपर्यंत जोडलेला असतो. वावटळीचा जीव दोन-चार मिनिटांचा. तरी मांडवाचं कापड, सैल पत्रा किंवा गोठ्याचं छत ती उचलू शकते, म्हणून मुलांना तिच्यात धावत शिरायला देऊ नका. डोळ्यांत माती जाण्यापलीकडचं नुकसान उडत्या वस्तूंनी होतं.

प्रश्न: वळवाच्या वादळात आमच्या वस्तीवरची लिंबाची झाडं आणि तीन शेडचे पत्रे गेले. गावात सगळे म्हणतात टॉर्नेडोच होता. खरंखोटं कसं ओळखायचं? (बार्शी तालुका)

उत्तर: पडलेली झाडं उचलण्याआधी त्यांच्या दिशा कागदावर मांडा. जमलं तर उंचावरून, ड्रोनने, फोटो घ्या. प्रत्येक झाडाचा शेंडा कुठे आहे ते बाणाने दाखवा. सगळे बाण साधारण एकाच बाजूला, किंवा एका जागेपासून पंख्यासारखे बाहेर पसरलेले दिसले, तर तो ढगातून कोसळलेला वारा. बाण दोन्ही बाजूंनी एका रेषेकडे आत वळलेले, पट्टा अरुंद आणि लांब, आणि पट्ट्याच्या बाहेर शंभर पावलांवर पान हललेलं नाही, असं असेल तर टॉर्नेडोचा संशय घ्यायला जागा आहे. आपल्या गोलार्धात बहुतेक टॉर्नेडो घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, त्यामुळे त्यांच्या वाटेच्या उजव्या हाताला गरगरण्याचा आणि पुढे सरकण्याचा वेग एकत्र होतो आणि नुकसान जास्त दिसतं.

ही पंख्यासारखी खूण ओळखणारा माणूसही फुजिताच. २४ जून १९७५ ला न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान पडलं, त्याचा अभ्यास करताना त्याने ढगातून कोसळणाऱ्या वाऱ्याचा सिद्धान्त मांडला. अणुबॉम्बनंतर नागासाकी-हिरोशिमात एका बिंदूपासून बाहेर पडलेली झाडं त्याने तरुणपणी पाहिली होती, तोच नकाशा त्याला इथे दिसला.

तुमच्याकडे काय झालं ते न पाहता सांगता येणार नाही, पण पैज लावायचीच तर आम्ही कोसळत्या वाऱ्यावर लावू. कारण सोलापूरच्या उन्हाळ्यातच आहे. पारा ४२-४३ वर, हवा कोरडी, त्यामुळे ढगाचा तळ फार उंच, कधी दोन-तीन किलोमीटरवर. त्या तळापासून खाली येणारा पाऊस वाटेतच सुकतो, सुकताना हवा थंड आणि जड होते आणि धाडकन जमिनीवर येऊन चौफेर पसरते. पावसाचे चार थेंब पडतात आणि वारा मात्र झाडं आडवी करतो, हा अनुभव इथल्या प्रत्येकाला आहे. टॉर्नेडोला नेमकं उलटं लागतं: ढगाचा तळ खाली, खालची हवा दमट, आणि जमिनीपासून वर जाताना वाऱ्याची दिशा व वेग झपाट्याने बदलणारा. बंगालमध्ये मार्च-एप्रिलमध्ये हे जुळून येतं. खाली बंगालच्या उपसागराचा दमट दक्षिण वारा, त्यावर छोटा नागपूरकडून येणारी कोरडी हवा, आणि त्याहून वर जोरदार पश्चिमी प्रवाह.

म्हणून जगातला सर्वांत जीवघेणा टॉर्नेडो अमेरिकेतला नाही. २६ एप्रिल १९८९ ला बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात तो झाला आणि सुमारे १,३०० माणसं गेली. भारतात २४ मार्च १९९८ ला पश्चिम बंगाल-ओडिशाच्या सीमेवर दांतनजवळ दीडशेच्या आसपास माणसं दगावली. दिल्लीत १७ मार्च १९७८ ला विद्यापीठ परिसरात टॉर्नेडो झाला, त्यात २८ जण गेले. २४ मार्च २०२३ ला पंजाबात फाजिल्का जिल्ह्यातल्या बकैनवाला गावातही झाला. तेव्हा महाराष्ट्रात होणारच नाही असं म्हणणं बरोबर नाही, पण तुमचं छप्पर नेणारा वारा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारचा असतो. छपराला त्याने फरक पडत नाही.

प्रश्न: अक्कलकोट रोडवर आमचा टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. शेड पत्र्याचं. दर वळवात एका कोपऱ्याचे पत्रे निघतात, दर वेळी तेच. मिस्त्री म्हणतो जाड पत्रा टाका. (सोलापूर एमआयडीसी)

उत्तर: पत्रा जाड करून उपयोग नाही. आकडे मांडून पाहा. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर प्रति चौरस मीटर न्यूटनमध्ये येतं, त्याला साधारण १० ने भागलं की किलो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दाब झाला ३७५ न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ३८ किलो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटरचा. त्यावर सव्वाशे किलोची ओढ. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या त्या पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा किलो. जाडी दीडपट केलीत तर साडेबावीस होईल. शंभर किलो कोण धरणार? नट आणि बोल्ट.

हा दाब वर्गाने वाढतो, हे विसरू नका. ईएफ-० च्या सुरुवातीला चौरस मीटरला ५२ किलो, ईएफ-२ च्या सुरुवातीला १५०, ईएफ-५ च्या सुरुवातीला ४९०. वेग तिप्पट, ओढ नऊपट.

आता कोपराच का? वारा भिंतीवर आपटून छपराच्या कडेवरून वळतो तिथे भोवरे तयार होतात आणि वर ओढणारा जोर मधल्या भागापेक्षा दीड ते दोन पट, कधी जास्तही असतो. बहुतेक शेडमध्ये मात्र बोल्ट सगळीकडे सारख्याच अंतरावर मारलेले असतात. त्यात वाऱ्याच्या बाजूचं शटर उघडं राहिलं, की आत शिरलेली हवा खालून ढकलते आणि बाहेरची वरून ओढते. तुमचा कोपरा बहुधा शटरच्या बाजूचाच असावा, एकदा बघा.

दुरुस्ती अशी. ८ मिलिमीटरचे, जस्ताचा मुलामा दिलेले जे-हुक बोल्ट वापरा. पर्लिनवर, म्हणजे पत्रे ज्यावर टेकतात त्या आडव्या लोखंडी तुळईवर, दोन बोल्टांमधलं अंतर ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि कोपऱ्यापासून व कडेपासून पहिल्या दोन मीटरच्या पट्ट्यात ते निम्म्यावर आणा. भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडा, खळग्यात नको, आणि ड्रिलने पाडा. खिळा ठोकून पाडलेल्या भोकाची कड फाटलेली असते, तिथूनच पत्रा चिरतो. प्रत्येक बोल्टखाली आधी बिटुमेनचा वॉशर, त्यावर घुमटी वॉशर, मग नट. पत्रे एकमेकांवर लांबीत किमान १५ सेंटिमीटर आणि रुंदीत दोन पन्हळी चढलेले असावेत.

बिघडतं ते असं. सोलापूरच्या उन्हात वॉशर दोन-चार वर्षांत कडक होऊन तडकतो, नट सैल पडतो, पत्रा रोजच्या वाऱ्यात खडखडत भोक मोठं करतो, आणि एके दिवशी अख्खं भोक बोल्टच्या डोक्यावरून निघून येतं. बोल्ट जागेवर, पत्रा गायब. खडखडाट ऐकू येतो तोच इशारा आहे. मार्च संपायच्या आत माणूस वर चढवून एकेक नट पान्याने तपासून घ्या.

पत्रा धरला की ओढ पर्लिनवर जाते, तिथून छपराच्या कैचीवर, कैचीतून खांबाच्या तळपट्टीवर, तिथून पायातल्या बोल्टांवर. वेल्डिंगचा नुसता टाका मारलेली पर्लिन असेल तर पुढच्या वेळी पत्रे पर्लिनसकट जातील, आणि ते जास्त धोक्याचं. नवीन शेड बांधताना अभियंत्याला विचारा की भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागातला मूळ वेग किती धरला. पुणे-नाशिकला तो सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबई-नागपूरला ४४. म्हणजे ताशी १४० आणि १५८ किलोमीटर, तेही तीन सेकंदांच्या झोताचे. दोन्ही आकडे ईएफ-१ च्या पट्ट्यात बसतात. नियमाने बांधलेल्या शेडने ईएफ-० आणि आपला नेहमीचा वळीव हूं की चूं न करता सोसायला हवा. सोसत नसेल तर दोष वादळाला देऊ नये.

प्रश्न: गावाकडे पत्र्यावर दगड ठेवतात. ते किती ठेवावेत? (मंगळवेढा)

उत्तर: वरच्याच हिशेबाने ९० च्या वाऱ्याला एका पत्र्यावर चौदा किलोचे आठ दगड लागतील, कोपऱ्यात दुप्पट. तेवढं वजन खालचे वासे पेलणार नाहीत. शिवाय पत्रा हलला की दगड घरात नाहीतर शेजाऱ्याच्या अंगणात. दगड ठेवूच नका. पत्र्यावरून आडवी लोखंडी पट्टी टाकून ती वाशांना नट-बोल्टने आवळा, आणि वासे भिंतीत कमीत कमी तीन फूट खाली गाडलेल्या सळईला बांधा. जुनी माळवदाची घरं मातीच्या वजनामुळे उडत नाहीत. त्यांचा धोका वेगळा, वादळानंतरच्या पावसात माती भिजून जड होते आणि दगड-मातीच्या भिंती सुटतात.

प्रश्न: बेदाणा शेडवरची ताडपत्री वाऱ्यात सांभाळायची कशी? आम्ही चार-पाच माणसं कडा धरून उभी राहतो. (पंढरपूर, कासेगाव परिसर)

उत्तर: धरू नका. वीस बाय तीस फुटांची ताडपत्री म्हणजे जवळपास ५६ चौरस मीटर. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात, जो हवामान खात्याच्या साध्या इशाऱ्यातला वारा आहे, तिच्यावर साडेनऊशे किलोची ओढ येते. पाच माणसांचं वजन साडेतीनशे. हाताला दोरीचा पीळ दिलेला असेल तर माणूस वर जातो आणि रॅकच्या लोखंडावर आपटतो.

ताडपत्री एकसंध घेण्यापेक्षा लहान तुकड्यांत टाका, प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र दोरी द्या, आणि दोऱ्या रॅकच्या खांबांना बांधा, जमिनीतल्या खुंट्यांना नव्हे. रॅकचे खांब मात्र चारी बाजूंनी तिरक्या तारांनी ताणलेले हवेत. शेडनेट हवा जाऊ देतं म्हणून टिकतं. त्याच्यावर प्लास्टिक पसरलं की त्याचं शीड होतं. वारा सुटलाच आणि ताडपत्री फडफडायला लागली, तर वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची दोरी विळ्याने कापून तिला जाऊ द्या. माल भिजेल. आभाळ गडगडत असताना लोखंडी रॅकखाली थांबू नका, आणि झाडाखालीही नाही.

प्रश्न: घर लहान आहे, दोन खोल्या. वादळात कुठे बसायचं? टीव्हीवर ऐकलं होतं की खिडक्या उघडल्या की आतला-बाहेरचा दाब सारखा होतो आणि घर वाचतं. (विडी घरकुल, कुंभारी)

उत्तर: खिडक्यांचं हे जुनं खूळ अमेरिकेतही बरीच वर्षं चाललं. दाबामुळे घर फुटत नाही. आत शिरलेल्या वाऱ्यामुळे छप्पर उचललं जातं. खिडक्या-दारं बंद, कडी लावून. आणि बंद करायला म्हणून वादळ सुरू झाल्यावर काचेपाशी जाऊ नका.

जीव बहुतेक वेळा वाऱ्याने जात नाही, उडत्या वस्तूंनी जातो: पत्रा, विटा, काच, फांदी. अमेरिकेत सुरक्षित खोल्यांच्या भिंती तपासताना सुमारे सात किलोची लाकडी फळी ताशी १६० किलोमीटरने त्यांवर मारतात. सळया घातलेलं सहा इंची काँक्रीट ती अडवतं. आपल्याकडची साडेचार इंची विटांची आडभिंत त्या हिशेबात भिंत नाही, पण मोकळ्या अंगणापेक्षा कितीतरी बरी.

म्हणून क्रम असा: वर सिमेंटचा स्लॅब असलेली जागा पहिली. स्लॅबखालचं न्हाणीघर, जिन्याखालची जागा, दोन भिंतींमधला बोळ. तळमजला, बाहेरच्या भिंतीपासून आत. गुडघ्यावर बसून डोकं खाली, वर जाड गोधडी किंवा सोलापुरी चादर घडी करून, घरात हेल्मेट असेल तर डोक्यावर. पायात चपला हव्यात. नंतरच्या जखमा बहुतेक काचेच्या आणि खिळ्यांच्या. घर पूर्ण पत्र्याचं असेल तर आभाळ काळवंडतानाच शेजारच्या स्लॅबच्या घरात, शाळेत किंवा समाजमंदिरात जा. वारा सुटल्यावर निघू नका. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवा. हजार लिटरची रिकामी टाकी फार तर तीस किलोची, आणि ती वाऱ्याने रस्त्यावर येते.

प्रश्न: रस्त्यात गाठलं तर? हैदराबाद रस्त्यावर मालवाहतूक करतो. (सोलापूर)

उत्तर: समोर धुळीची भिंत दिसली की थांबायची जागा शोधा, पेट्रोल पंपाचं छत, होर्डिंग, मोठं झाड आणि विजेच्या तारा सोडून. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले. रिकामा ट्रक किंवा उंच कंटेनर वाऱ्याला आडवा उभा करू नका, तोंड वाऱ्याकडे. उड्डाणपुलाखाली थांबणं सुरक्षित वाटतं, पण खालच्या बोळात वारा आणखी जोराने घुसतो. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलाखाली आसरा घेतलेली माणसं दगावली. खराखुरा टॉर्नेडो दिसला आणि तो डावी-उजवीकडे सरकत नाही, फक्त मोठा होतोय असं वाटलं, तर तो तुमच्याकडेच येतोय. त्याच्या वाटेला काटकोनात निघा. वेळ नसेल तर गाडी सोडून पक्क्या इमारतीत.

प्रश्न: उजनीच्या पाण्यावर असं वादळ झालं तर होडीचं काय? (करमाळा)

उत्तर: होडीला टॉर्नेडोची गरज नाही. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान बोट उलटून सहा जण गेले, तो अचानक सुटलेला वारा होता. एप्रिल ते जून दुपारनंतर पश्चिमेला किंवा वायव्येला ढग उभे राहत असतील तर फेरी सोडू नये, हा नियम नावाड्यावर न ठेवता प्रवाशांनीच धरावा. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे. पाण्यावरून ढगाला लागलेली सोंड दिसली तर तो पाण्यावरचा टॉर्नेडो. बहुतेक दुबळे असतात, पण होडी उलटायला तेवढे पुरे.

प्रश्न: इशारा किती आधी मिळतो? (सोलापूर, दोन पत्रं)

उत्तर: टॉर्नेडोचा म्हणून वेगळा इशारा येईल याची वाट पाहू नका. अमेरिकेत एवढी रडारं असूनही सरासरी दहा मिनिटांच्या आसपासच मिळतात. आपल्याकडे हवामान खातं जिल्हावार पुढच्या तीन तासांचा इशारा देतं, तो ‘मौसम’ ॲपवर आणि ‘सचेत’वर दिसतो. त्यात वाऱ्याचा वेग लिहिलेला असतो, तो वाचा. नुसता पिवळा की नारिंगी एवढंच बघू नका. ४० ते ५० लिहिलं असेल तर ताडपत्री आणि सैल पत्र्याची काळजी, ५० ते ६० किंवा वर असेल तर माणसं आत. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप ठेवा, कारण वळवात वाऱ्यापेक्षा वीजच जास्त माणसं नेते.

ॲप नसलं तरी खुणा आहेत. उकाड्यात अचानक गार वाऱ्याची झुळूक लागली म्हणजे कोसळलेली हवा पोचली. मोठा झोत दोन-चार मिनिटांत येतो. ढगाच्या तळाचा एक तुकडा खाली लोंबतोय आणि सावकाश गरगरतोय, हे दिसणं मात्र टॉर्नेडोचं लक्षण. ढग नुसता काळा असणं कशाचंच लक्षण नाही.

प्रश्न: विम्यात टॉर्नेडो येतो का? पंचनामा कोणाकडून करून घ्यायचा? (अक्कलकोट रोड)

उत्तर: येतो. आगीच्या विम्यात वादळ, चक्रीवादळ, टॉर्नेडो, पूर हे धोके एकाच कलमात लिहिलेले असतात. ते कलम सवलतीसाठी वगळलेलं नाही ना, एवढं पॉलिसीत तपासा. एका ठिकाणची मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे पन्नास कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी आहेत. वादळ होतं की टॉर्नेडो, याने दाव्यात फरक पडत नाही, त्यामुळे अर्जात त्यावर वाद घालू नका. तारीख, वेळ आणि मोडलेल्या वस्तू लिहा.

आवरायच्या आधी फोटो घ्या, चारी बाजूंनी, आणि निघालेल्या बोल्टांचे व फाटलेल्या भोकांचे जवळून. भिजलेले सुताचे कोन आणि बीम सर्व्हेअर येईपर्यंत वेगळे ठेवा. तलाठ्याला त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या. खाली पडलेल्या तारेपासून दहा मीटर लांब राहून महावितरणला १९१२ वर सांगा, आणि शेडचा मेन स्विच बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय ओल्या मागाला हात लावू नका. पाणी मोटारीत गेलं असेल तर ती उघडून, वाळवून, मेगरने इन्सुलेशन तपासूनच चालू करा.